सातशे बारा नंबरची भिंत

अण्णा गेले त्याला त्या सोमवारी सत्तावीस दिवस झाले होते, आणि त्यांच्या खोलीची भिंत शहरातली सर्वांत गुणी भिंत ठरली होती.

हे मला सबनीस मॅडमनी सांगितलं. त्या महापालिकेच्या उपायुक्त. परवडणारी घरं आणि त्यांच्यासाठी काढायचे कर्जरोखे, दोन्ही खाती त्यांच्याकडे. मी त्यांच्या हाताखाली मापन अधिकारी.

"वैजयंता, इतके दिवस मी तुम्हाला हाक मारली नाही," त्या म्हणाल्या. "पण शुक्रवारी जनसुनावणी आहे. पडताळणी संस्थेचे दाभोळे येतायत. आकड्यांवर तुमची सही झाली की दुसऱ्या इमारतीचे रोखे निघाले. दोनशे ऐंशी कुटुंबं वाट बघतायत."

"सातशे बारा नंबर यादीत पहिला ठेवलाय?"

"तो आपला हिरा आहे. दाराबाहेर छोटी पाटी लावायचं ठरतंय, 'आदर्श घर' म्हणून. तुमची हरकत नसेल तर अण्णांचं नाव घालू."

टेबलावर काचेचा जड पेपरवेट होता. तो मी बराच वेळ पाहिला. मग फाइल उचलली, "वाचून सांगते" म्हटलं आणि बाहेर आले. आमच्या खात्यात माझी ख्याती शांत बाई म्हणून आहे.

साधी वीट मेलेली असते. आमची हरितवीट अर्धी जिवंत. तिच्या बारीक छिद्रांत एका जातीचे सूक्ष्मजीव पेरलेले असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड ते पाण्यात ओढून घेतात, विटेतल्या कॅल्शियमशी त्याची गाठ घालतात आणि त्याची चुनखडी करतात. शिंपले समुद्रात करतात तेच काम, फक्त भिंतीत. चुनखडीत गेलेला कार्बन शतकानुशतकं बाहेर येत नाही. अट एकच. छिद्रांत पाण्याचा पातळ थर टिकला पाहिजे. भिंत कोरडी पडली की जीव झोपी जातात. म्हणून प्रत्येक खोलीत छताशी बारीक नळी असते आणि तिच्यातून दिवसभर धुक्यासारखी फवारणी होते.

महापालिकेकडे घरं बांधायला पैसे नव्हते आणि श्रीमंतांचा मालमत्ता कर वाढवायची हिंमत नव्हती. तेव्हा ही वीट आली. भिंती जेवढा कार्बन गिळतील, तेवढी प्रमाणपत्रं परदेशातल्या विमान कंपन्या विकत घेणार. त्या उत्पन्नाच्या भरवशावर शहर रोखे काढणार, रोख्यांतून घरं बांधणार, आणि राहणाऱ्यांकडून नावापुरतं भाडं घेणार. घराचा हप्ता भिंत फेडणार. ही कल्पना देखणी होती. मला आजही ती देखणी वाटते, आणि म्हणूनच राग जास्त येतो.

प्रत्येक खोलीतली हवा मोजणारी यंत्रं एका संगणक प्रणालीला जोडलेली होती. तिला आम्ही गणक म्हणायचो. कोणत्या घरात किती ओलावा ठेवला की भिंत किती गिळते, हे गणक स्वतः शिकत जायचा आणि फवारणी ठरवायचा. सुरुवातीला त्याने ओलावा बासष्ट टक्क्यांवर ठेवला होता. माणसाला तो सोसतो.

अण्णा चाळीस वर्षं यंत्रमागाचे जॉबर होते. बंद पडलेल्या मागाचा दोष कानाने ओळखून दुरुस्त करणारा, तो जॉबर. आमचं गाव मागांचं. कारखान्याच्या पाठीमागच्या पत्र्याच्या खोलीतून आम्ही पहिल्या इमारतीत सातव्या मजल्यावर आलो, तेव्हा त्यांनी आधी सगळे नळ उघडून पाहिले, मग भिंतीला कान लावला.

"वैजू, हिला घाम सुटलाय गं."

"फवारणी आहे अण्णा. भिंतीला ओलावा लागतो."

"मागाला बी लागायचा. हवा ओली न्हाई ठेवली की सूत तुटायचं, मालक बोंबलायचा. हितं काय तुटतंय म्हणून ओली करत्यात?"

मी त्यांना रोखे समजावून सांगितले. त्यांनी मन लावून ऐकलं आणि म्हणाले, "म्हंजे भिंत कामाला जाणार आन आपण घरात बसून खाणार. झकास. हिला बोनस देत्यात का?"

घराच्या करारातला नववा नियम असा होता: भिंतीवर रंग, गिलावा, खिळा, कागद, काहीही लावू नये. भिंतीला श्वास घेता आला पाहिजे. दिवाळीच्या आधी मी चार दिवस मुंबईला रोख्यांच्या कामासाठी गेले, परत आले तर अण्णांची खोली पांढरीशुभ्र. कोपऱ्यात बादली, कुंचला, आणि अण्णा कपाळावर चुन्याचे थेंब घेऊन खुर्चीत.

"वास घे. दिवाळी आल्यागत वाटतंय का न्हाई?"

"अण्णा, मी मापन अधिकारी आहे. माझ्याच घरात नियम मोडता?"

"मग माप की. पांढऱ्याचं माप कमी भरतंय का बघ."

त्यांनी चुन्यात खळ घातली होती. माग भरण्याआधी ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुताला पिठाची पेज पाजतात, ती खळ. चुना अंगाला लागू नये म्हणून कोणी त्यात डिंक घालतं, कोणी मेथीचं पाणी. आमच्या मागवाल्यांच्या वस्तीत खळ घालायची रीत, कारण ती कारखान्यातून फुकट मिळे. अण्णा ओळखीच्या सायझिंगमधून, म्हणजे सुताला खळ पाजायच्या कारखान्यातून, डबा भरून घेऊन आले होते. सत्तर वर्षांच्या माणसाने, सातव्या मजल्यापर्यंत. लिफ्ट त्या दिवशी बंद होती, हेही त्यांनी अभिमानाने सांगितलं.

तिसऱ्या दिवशी कार्यालयात आलेख पाहिला आणि मला कारण लगेच कळलं. सातशे बाराचा आकडा तिप्पट झाला होता. चुन्याच्या निवळीत फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग सगळ्यांनी शाळेत केलेला असतो. ओला चुना कार्बन डायऑक्साइड पिऊनच घट्ट होतो. आलेखात भिंतीचे जीव नव्हतेच, अण्णांचा कुंचला होता. त्याच आठवड्यात आमच्या खोलीच्या नळीची तोटी अडकली होती आणि ओलावा एक्क्याऐंशीवर गेला होता. गणकाने दोन्हींची सांगड घातली. त्याला ओलावा ठाऊक होता, दिवाळी ठाऊक नव्हती. त्याने निष्कर्ष काढला: एक्क्याऐंशी टक्क्यांवर भिंत तिप्पट काम करते.

मी बोलले नाही.

हे वाक्य मी पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं आहे, त्याला कारणं जोडून, न जोडता. कारणं अशी होती की त्या आठवड्यात पतमूल्यांकनाचे लोक आले होते. आकडा पाहून सबनीस मॅडमनी पेढे वाटले. मला वाटलं, चुना वाळेल, आकडा उतरेल, गणकाला आपोआप कळेल. आणि नववा नियम मोडल्याची नोटीस अण्णांना माझ्याच सहीने गेली असती. पेढा मीही खाल्ला.

पण रोख्यांच्या मसुद्यात घातलं गेलं की उत्तम घराची ओलाव्याची पातळी आणि नोंदलेला उच्चांक वर्षभर खाली आणायचे नाहीत. गुंतवणूकदारांना भरवसा हवा. दुसऱ्या इमारतीचं सगळं गणित सातशे बारातला चुना ओला होता त्या दहा दिवसांवर मांडलं गेलं. आणि पहिल्या इमारतीतल्या दोनशे आठही घरांची फवारणी एक्क्याऐंशीवर नेली.

चुना ताजा असतो तोवर जहाल असतो, त्याच्यावर काही उगवत नाही. त्याची चुनखडी झाली की तो जहालपणा जातो. मग राहतं खालचं पीठ, आणि एक्क्याऐंशी टक्के ओलावा. डिसेंबरात अण्णांच्या कपाटामागे काळी बुरशी आली. त्यांनी ती ओल्या फडक्याने पुसली, म्हणजे सगळीकडे पसरवली. जानेवारीत ते खोकायला लागले. चाळीस वर्षं सुताची धूळ बसलेली फुप्फुसं. त्यांवर बुरशीचे बीजाणू. छातीच्या डॉक्टरांनी एक्सरे उजेडाकडे धरून विचारलं, "घर ओलं आहे का?"

दरम्यान सातशे बाराचा रोज मोजला जाणारा आकडा उतरला होता. गणकाने त्याचंही कारण शोधलं. घरातला माणूस दिवसभर घरी असतो आणि खूप खोकतो, म्हणजे जास्त उच्छ्वास सोडतो, आणि भिंतीने गिळलेलं हवेत दिसत नाही. तेवढा आकडा भिंतीच्या खात्यात परत धरावा. अण्णा जितके खोकत, तितकी भिंत कागदावर गुणी होत गेली. ते गेले त्या आठवड्यात तिने उच्चांक गाठला. नंतरच्या रिकाम्या खोलीत खोकणारं कोणी नव्हतं, पण नोंदलेला उच्चांक वर्षभर खाली आणायचा नव्हता, म्हणून तो तिथेच राहिला.

हे सगळं मला त्या फाइलीत सापडलं, सोमवारी, सही करण्यासाठी वाचताना. 'निवासी उच्छ्वास दुरुस्ती' असा रकाना होता. त्याखाली अण्णांचे शेवटचे एकवीस दिवस, तासातासाने.

बुधवारी मी सबनीस मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये तोडलं नाही. मग दार लावून घेतलं.

"खळ कोणी घातली?"

"अण्णांनी."

"नववा नियम त्यांना माहीत होता?"

"मीच वाचून दाखवला होता."

"मग भिंतीने कोणाला मारलेलं नाही, वैजयंता. मला हे बोलताना वाईट वाटतंय."

"आमच्या मजल्यावर आता अकरा घरांत खोकला आहे. त्यांनी कोणी चुना लावलेला नाही."

"पंखे देऊ. वर्ष संपलं की पातळी उतरवू."

"वर्ष संपलं की."

त्या खिडकीशी गेल्या. "मी इथे आले तेव्हा या शहराने बारा वर्षांत गरिबासाठी एक घर बांधलेलं नव्हतं. एकसुद्धा नाही. मी दोनशे आठ बांधली. तुम्ही उभं राहून बोललात तर रोखे पडतील, आणि पुढची बारा वर्षं पुन्हा कोणी बांधणार नाही. तुमच्या वडिलांचं नाव पेपरात येईल, तुमचंही. नोकरीचं सोडा. त्या दोनशे ऐंशी कुटुंबांना काय सांगणार आहात?"

त्यांचं एकही वाक्य खोटं नव्हतं, आणि त्याचाच मला संताप आला. खोट्याला शिवी तरी देता येते.

गुरुवारी दुपारी शेवंतामावशी आल्या. अण्णांच्याच कारखान्यात त्या तीस वर्षं कांड्या भरत, म्हणजे आडव्या सुताची रिळं गुंडाळत. त्या, त्यांचा मुलगा आणि सून एका माग-कारखान्याच्या पोटमाळ्यावर राहतात. दुसऱ्या इमारतीच्या सोडतीत त्यांचा एकेचाळिसावा नंबर लागला होता. नंबराची चिठ्ठी त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कमरेला खोचलेली असते.

"भाकरी आणलीया. तू काय जेवत न्हाईस, तोंडावर दिसतंय."

त्या अण्णांच्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत.

"विरूअण्णा म्हणायचा, शेवंता, हितं चहा कपात गप बसतो. आमच्याकडं खाली माग सुरू झालं की कप नाचत जातो बघ फळीच्या कडंला. सून म्हणती, आत्या, कपाला दावं बांधा." त्या हसल्या. "उद्या तू सही करणार न्हवं?"

"उद्या बघू मावशी."

"बघू काय? तुझ्या सहीवर हाय म्हणं सगळं. साहेबीण सांगत होती वस्तीत येऊन."

म्हणजे मॅडम वस्तीत जाऊन आल्या होत्या. मी भाकरीचा तुकडा तोडला. तेव्हाच सांगायला हवं होतं. मी पुन्हा बोलले नाही. सवय लागते.

शुक्रवारी अकरा वाजता नाट्यगृहाच्या सभागृहात सुनावणी सुरू झाली. पुढच्या रांगांत नगरसेवक, मागे वाट पाहणारी कुटुंबं, बाया पोरं कडेवर घेऊन उभ्या. दाभोळे हे पांढऱ्या मिशांचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. त्यांनी चष्मा लावून विचारलं, "मापन अधिकारी, सातशे बारा क्रमांकाचे आकडे आपण स्वतः तपासलेत?"

"तपासले. ते चुकीचे आहेत."

माइकमधून माझा आवाज मलाच परका वाटला. मी चुना सांगितला, तोटी सांगितली, गणकाने घातलेली सांगड सांगितली. खोकल्याचा रकाना वाचून दाखवला, पहिल्या तासापासून नाही, शेवटच्या सहा तासांचा. वाचताना थांबले नाही. थांबले असते तर लोकांना माझी दया आली असती, आणि त्या सभागृहात मला दया नको होती.

सबनीस मॅडम उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही. "एवढं सांगा. भिंतीवर पीठ कोणी लावलं?"

"माझ्या वडिलांनी."

"आणि ते कळूनही चार महिने गप्प कोण बसलं?"

"मी."

सभागृहातून एक लांब आवाज आला. मागून कोणी ओरडलं, "तुला घर मिळालं ना? मग आमचं का मारतीस?" एक चप्पल व्यासपीठाच्या पायरीवर येऊन पडली. मी म्हटलं, "दाभोळेसाहेब, बाकीचं काहीही ठरवा. पहिल्या इमारतीची फवारणी आत्ता, याच क्षणी थांबवा. तिथे माझं सोडून दोनशे सात घरांत माणसं श्वास घेतायत."

दाभोळ्यांनी फोन लावला, दोन मिनिटं बोलले आणि सांगितलं की पंप बंद झाला आहे. मग त्यांनी फाइल मिटली. रोखे स्थगित. पंधरा मिनिटं चहापान, त्यानंतर औपचारिक समारोप.

बाहेर व्हरांड्यात शेवंतामावशी खांबाला टेकून उभ्या होत्या. त्यांच्याभोवतीच्या बाया मला पाहून बाजूला झाल्या, वाट द्यायला नव्हे.

"माझा नंबर कितवा होता?" मावशींनी विचारलं.

"एकेचाळीस."

"आता?"

"आता नंबर नाही."

"विरूअण्णा घर मिळालं म्हणून मेला. मला मिळणार न्हाई म्हणून मी जगंन, असं म्हणणं हाय तुझं?"

 त्या एक पाऊल पुढे आल्या. त्या मारतील असं वाटलं, आणि त्यांनी मारावं असंही वाटलं.

"बोल की. आत लई बोललीस."

"मावशी, त्या भिंतीत तुम्हाला कसं राहू देऊ?"

"भिंतीचं नगं सांगू मला. पोटमाळ्याला भिंतच न्हाई, पत्रा हाय." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "कोरडी घरं बांधताच येत न्हाईत व्हय ह्यांना? साध्या विटंची? आमच्या बापांनी बांधली ती काय फवारून बांधली?"

"येतात. नकाशा तयार आहे. चार मजले, साधी वीट. शहराने स्वतःच्या करातून बांधायची, रोखे न काढता. सहा वर्षं कपाटात पडून आहे, कारण नदीपलीकडच्या बंगल्यांचा कर वाढवावा लागेल."

"किती घरं?"

"शहाण्णव."

त्यांनी बोटांवर काही मोजलं नाही. थेट माझ्याकडे पाहिलं. "म्हंजे माझा लागतोय. आन ती सुशी, एकशे दहावी, तिकडं रडत बसलीया. तिला काय सांगू?"

"मला माहीत नाही."

"हे आत का सांगितलं न्हाईस?"

"कोणी विचारलं नाही."

 मावशींनी मान हलवली.

"तू बी आफिसातलीच हैस गं."

अण्णा गेल्यापासून लोक मला बरंच काही म्हणाले होते. धीराची आहे, शिकलेली आहे, बापाचं सगळं केलं. या सगळ्यांत हे एकच खरं होतं. महिनाभर जो राग मी साठवला होता तो सबनीस मॅडमवर, गणकावर, विमान कंपन्यांवर खर्च करून संपेल असं मला वाटत होतं. त्यातला मोठा वाटा माझ्या नावाचा होता.

आतून घंटा वाजली. समारोपासाठी लोक परतत होते; काही नगरसेवक चहाचे कप ठेवून जिन्याकडे वळले होते. त्यांच्या दृष्टीने विषय संपला होता.

"जा आत," मावशी म्हणाल्या. "जे सांगायचं राहिलंय ते सांग. बंगल्यांचं बी सांग, नावं घेऊन. सुशे, रडायचं थांबव, ऊठ, त्या दुसऱ्या दाराला बस."

"मावशी, ते थांबणार नाहीत."

"ते मी बघते."

मी व्यासपीठाकडे चालत गेले. माइक बंद करायला आलेल्या माणसाला म्हटलं, राहू दे. मागे वळून पाहिलं तर शेवंतामावशी मुख्य दाराच्या उंबऱ्यावर मांडी घालून बसल्या होत्या, त्यांच्याशेजारी सून, सुनेशेजारी अजून चारजणी, खांद्याला खांदा लावून. सबनीस मॅडम पर्स घेऊन त्यांच्यासमोर उभ्या होत्या आणि घड्याळ दाखवत होत्या.

"बसा बाई," मावशी म्हणाल्या, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात. "आमचं बोलणं अजून सुरू व्हायचंय."